संचालक मंडळातील राखीव जागा आणि मतदारसंघाचा प्रश्न : वैजापूर बाजार समितीच्या निमित्ताने

व्यापारी कंपन्यांच्या संचालक मंडळांत स्त्रियांना स्थान असावे काय, असल्यास किती असावे आणि त्यांची निवड कोणत्या रीतीने व्हावी, ह्या प्रश्नांची चर्चा २०१३ च्या कंपनी अधिनियमापासून पुष्कळ झाली आहे. परंतु ही चर्चा बहुतांशी मुंबईच्या शेअरबाजारात नोंदल्या गेलेल्या कंपन्यांभोवतीच फिरत राहिली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावी 'संचालक' हा शब्द उच्चारला असता डोळ्यांपुढे जो मनुष्य येतो तो कंपनीचा संचालक नसतो. तो विविध कार्यकारी सोसायटीचा, बाजार समितीचा किंवा साखर कारखान्याचा संचालक असतो. विधीच्या दृष्टीने ह्या संस्थाही निगमित संस्थाच होत. सहकारी संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये आणि बाजार समितीला १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन विषयक अधिनियमान्वये स्वतंत्र विधिमान्य अस्तित्व आहे. त्यांना मालमत्ता धारण करता येते, करार करता येतात, दावा लावता येतो. तेव्हा निगमित संस्थेच्या मंडळावर स्त्रियांची निवड हा विषय महानगरापुरता मानण्याचे कारण नाही. उलट ज्या संस्थांशी ग्रामीण स्त्रीच्या श्रमाचा प्रत्यक्ष संबंध येतो, त्यांच्या मंडळांची रचना तपासणे अधिक अगत्याचे आहे. अभ्यासकांचे ह्या बाजूकडे जे दुर्लक्ष झाले आहे, त्याचे एक कारण कदाचित असे असेल की, कंपन्यांची माहिती छापील अहवालांत सहज हाती लागते आणि सोसायटीची माहिती मिळवावयाची तर तालुक्याच्या गावी जाऊन दप्तर उघडावे लागते.

प्रथम कंपनीविषयक विधीचा थोडक्यात परामर्श घेणे इष्ट ठरेल. २०१३ च्या अधिनियमाच्या कलम १४९ अन्वये आणि त्याखालील २०१४ च्या नियमांन्वये प्रत्येक नोंदित कंपनीवर, तसेच ज्या अन्य सार्वजनिक कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल १०० कोटी रुपये किंवा उलाढाल ३०० कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे तिच्यावर, किमान एक स्त्री संचालक नेमण्याचे बंधन घालण्यात आले. मुदत समीप आली तेव्हा अनेक कंपन्यांनी हे बंधन कसे पाळले हे सर्वश्रुत आहे. प्रवर्तकांच्या पत्नी, कन्या आणि स्नुषा मंडळांवर आल्या. विधीच्या अक्षरांचे पालन झाले आणि मंडळातील विचारांची बैठक जशीच्या तशी राहिली. ही उणीव ध्यानात आल्यावर उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१७ मध्ये शिफारस केली व तदनुसार भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे 'सेबी'ने, पहिल्या ५०० नोंदित कंपन्यांत १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १००० कंपन्यांत १ एप्रिल २०२० पासून किमान एक 'स्वतंत्र' स्त्री संचालक असलीच पाहिजे असा दंडक घातला. ह्या एका विशेषणाची भर विशेष महत्त्वाची आहे. केवळ स्त्री असणे पुरेसे नाही, तिची निवड ज्यांच्या हाती आहे त्यांच्यापासून ती स्वतंत्र असली पाहिजे, हे तत्त्व तीत मान्य झाले. सहकाराच्या आणि पणनाच्या विधीत ह्या तत्त्वाचा मागमूस आढळत नाही, हे पुढे दिसून येईल.

ह्या विधींच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद वारंवार केला जातो, तोही येथे तपासून पाहिला पाहिजे. स्त्रिया मंडळावर आल्या की कंपनीचा नफा वाढतो, निर्णय अधिक सावधपणे घेतले जातात, असे सांगण्याची प्रथा पडली आहे. ह्या विधानाला आधार म्हणून नॉर्वेचे उदाहरण दिले जाते. तेथे २००३ च्या विधीने सार्वजनिक कंपन्यांच्या मंडळांत प्रत्येक लिंगाचे ४० टक्के प्रमाण ठरवून दिले आणि २००८ च्या प्रारंभापासून, प्रमाण न पाळणारी कंपनी विसर्जित करण्यापर्यंतची शिक्षा त्यास जोडली. परंतु त्या प्रयोगाच्या आर्थिक परिणामांविषयी संशोधकांत एकवाक्यता नाही. अहर्न व डिटमार यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंपन्यांचे मूल्य घटल्याचा निष्कर्ष काढला. पुढे एक्बो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच सामग्री तपासून तो निष्कर्ष टिकत नाही असे दाखविले. नफ्याच्या पायावर उभारलेला प्रतिनिधित्वाचा युक्तिवाद असा प्रत्येक नव्या आकडेवारीबरोबर डळमळू लागतो. शिवाय ज्या संस्थेचा हेतूच नफा नाही, तेथे तो लागूच पडत नाही. बाजार समिती ही शेतकऱ्याच्या मालाची खरेदी-विक्री नियमित व्हावी, वजनमापात व पैशाच्या चुकवणुकीत त्याची फसवणूक होऊ नये, एवढ्यासाठी निर्माण झालेली संस्था आहे. तिच्या मंडळावर कोण असावे, ह्याचे उत्तर तिच्या निर्णयांचा परिणाम कोणावर होतो ह्यातच शोधावे लागते.

आता सहकाराकडे वळावयाचे. संविधानाच्या सत्त्याण्णवाव्या दुरुस्तीने, जी १५ फेब्रुवारी २०१२ पासून अंमलात आली, सहकारी संस्थेच्या मंडळात २१ हून अधिक संचालक नसावेत आणि त्यांत दोन जागा स्त्रियांसाठी राखून ठेवाव्यात अशी तरतूद केली. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपल्या अधिनियमात त्यानुसार फेरबदल केले. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी ही दुरुस्ती बहुराज्य सहकारी संस्थांपुरतीच ग्राह्य ठरविली, तरी राज्याचा स्वतःचा विधी त्यामुळे लुप्त झाला नाही. दोन जागांची व्यवस्था महाराष्ट्रात चालूच राहिली. येथवर बहुतेक भाष्यकार येतात आणि थांबतात. वस्तुतः ह्या तरतुदीच्या शब्दरचनेत एक अट दडलेली आहे, आणि सर्व प्रश्नाचे मूळ तीत आहे. ज्या संस्थेचे सभासद व्यक्ती आहेत 'आणि ज्या संस्थेत अशा वर्गाचे सभासद आहेत' अशाच संस्थेत हे आरक्षण द्यावयाचे आहे. म्हणजे प्रथम स्त्री सभासद असली पाहिजे, मग तिच्यासाठी संचालकाची जागा. ती सभासद कशी होते, कोण तिला सभासद करून घेतो, ह्याविषयी विधी मौन पाळतो.

हे मौन किती बोलके आहे ते बाजार समितीच्या रचनेवरून कळते. १९६३ च्या अधिनियमाच्या कलम १३ मध्ये सांगितल्याप्रमाणे वैजापूरसारख्या बाजार समितीवर एकूण १८ संचालक निवडून द्यावयाचे असतात. त्यांपैकी ११ जण प्राथमिक कृषी पतपुरवठा व बहुउद्देशीय सहकारी संस्थांच्या संचालकांनी, ४ जण ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी, २ जण व्यापारी व अडत्यांनी आणि १ जण हमाल-मापाड्यांनी निवडावयाचा असतो. स्त्रियांच्या दोन राखीव जागा ह्यांपैकी पहिल्या, म्हणजे सहकारी संस्थांच्या मतदारसंघात घातलेल्या आहेत; तेथील अकरांपैकी सात सर्वसाधारण, दोन स्त्रियांच्या, एक इतर मागासवर्गाची आणि एक विमुक्त जाती व भटक्या जमातींची. ग्रामपंचायत मतदारसंघातील चार जागांत दोन सर्वसाधारण, एक अनुसूचित जाती-जमातींची व एक आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाची आहे. तेथे स्त्रीसाठी एकही जागा राखलेली नाही.

ही विभागणी वरवर पाहता निरुपद्रवी वाटते. पण दोन्ही मतदारसंघांतील मतदार कोण आहेत ह्याचा हिशेब मांडला की तिचे खरे स्वरूप उघड होते. विविध कार्यकारी सोसायटीचे मंडळ सामान्यतः १३ जणांचे असते आणि त्यांत स्त्रियांच्या जागा दोन. त्या दोन्ही भरल्या आहेत असे गृहीत धरले तरी ह्या मतदारसंघातील स्त्री मतदारांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांच्या आसपास राहते, कारण सर्वसाधारण जागेवरून स्त्री निवडून येणे हा क्वचित घडणारा प्रकार आहे. ग्रामपंचायतींची गोष्ट वेगळी. संविधानाच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने तेथे एक-तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. तेव्हा ग्रामपंचायत मतदारसंघातील निम्मे मतदार विधीनेच स्त्रिया आहेत. एकाच बाजार समितीच्या दोन मतदारसंघांपैकी ज्यात निम्म्या स्त्रिया आहेत तेथे स्त्रीची राखीव जागा नाही, आणि ज्यात सातांत एखादी स्त्री असेल तेथे स्त्रियांच्या दोन्ही जागा. विधिकर्त्यांनी हे हेतुपुरस्सर केले असे म्हणता येत नाही. पंचायतींतील आरक्षण पुढे वाढत गेले आणि बाजार समितीची रचना मात्र जुन्या साच्यातच राहिली, एवढाच त्याचा उलगडा असावा. परंतु हेतू निर्दोष असला म्हणून परिणाम निर्दोष ठरत नाही.

सोसायटीच्या सभासदत्वाचा प्रश्न इथेच विचारात घ्यावा लागतो, कारण मतदारसंघाची मुळे तेथवर पोहोचतात. पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचा सभासद म्हणजे जमीनधारक. ज्याच्या नावे सातबारा, त्याला कर्ज. ज्याला कर्ज, तो सभासद. जो सभासद, तो मतदार. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील वहिवाटीच्या जमीनधारणांपैकी सुमारे १४ टक्केच स्त्रियांच्या नावे होत्या. शेतातील श्रमांचे प्रमाण ह्याच्याशी ताडून पाहिले असता विसंगतीची कल्पना येते. वैजापूर तालुक्यात कांद्याचे पीक मोठे. रोप टाकण्यापासून लावणी, निंदणी, काढणी, पात कापणे आणि चाळीत भरण्यापूर्वीची निवड ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या हातून होतात. ट्रॅक्टरमध्ये माल भरला जाऊन बाजार समितीच्या आवाराकडे निघाला की तिचा संबंध संपतो. लिलाव पुरुष ऐकतो आणि विक्रीची पट्टी पुरुषाच्या नावाने फाटते. मग त्या आवाराच्या कारभाराचा विचार करणाऱ्या मंडळावर तिचे नाव यावे कोठून?

स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर चढते ते बहुधा वारसनोंदीने, पतीच्या निधनानंतर. पित्याच्या जमिनीत मुलीचा हक्क विधीने मान्य होऊन काळ लोटला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा अधिनियमात दुरुस्ती करून मुलीस सहदायादत्व दिले, केंद्राने २००५ मध्ये ते सर्वत्र लागू केले आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा हक्क जन्मसिद्ध असल्याचा निर्वाळा दिला. तरीही तलाठ्याच्या दप्तरात वारसांच्या नोंदीनंतर अल्पावधीतच बहिणींचे हक्कसोडपत्र आढळते. ह्या दस्ताला बळजबरी म्हणता येत नाही, आणि खुषीचा सौदा म्हणणेही कठीण. माहेरची वाट मोकळी राहावी, भाऊबीजेला आणि अडीअडचणीला उंबरठा बंद होऊ नये, म्हणून बहीण सही करते. त्या सहीबरोबर जमीन जाते हे सर्वांना दिसते. सोसायटीचे सभासदत्व, तिच्या मंडळातील मत आणि पुढे बाजार समितीच्या निवडणुकीतील मत हेही त्याच सहीने जाते, हे मात्र कोणी हिशेबात धरीत नाही. हक्कसोडपत्राचा अभ्यास आजवर कौटुंबिक विधीचा विषय म्हणून झाला. संस्थांच्या कारभाराच्या अभ्यासकांनी त्याकडे वळून पाहिलेले नाही, ही खेदाची बाब होय.

ह्या बाबतीत एक प्रयत्न मात्र स्मरणीय आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात, वैजापूरपासून फार दूर नसलेल्या चांदवड येथे, शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. शरद जोशी यांच्या त्या चळवळीतून पुढे 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम निघाला. त्यानुसार पतीने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करावयाचा होता. त्याच चळवळीने स्थानिक निवडणुकांत संपूर्ण महिलांची पॅनेले उभी करण्याचा विचार मांडला. ह्या कार्यक्रमाच्या व्याप्तीविषयी व चिरस्थायित्वाविषयी मतभेद असतील. पुष्कळ ठिकाणी जमीन कागदावरच राहिली असाही आक्षेप घेतला जातो. परंतु त्याच्या प्रवर्तकांनी दोन गोष्टी एकत्र पाहिल्या हे नाकारता येत नाही. जमिनीचे नाव आणि सत्तेची जागा ह्या त्यांना दोन स्वतंत्र मागण्या वाटल्या नाहीत. नंतरच्या सर्व विधींनी ह्यांची फारकत केली. राखीव जागा दिली आणि तिच्या खालची जमीन जागच्या जागी ठेवली.

प्रत्यक्ष निवड कशी होते ह्याकडे आता पाहू. सहकारी संस्थांच्या मतदारसंघातील प्रत्येक मतदार अकराही जागांसाठी मते देतो. सर्वसाधारण सात, स्त्रियांच्या दोन आणि इतर दोन, अशा मतपत्रिका त्याच्या हाती पडतात. अशा पद्धतीत उमेदवार एकेकटा लढत नाही, पॅनेल लढते. ज्या गटाकडे सोसायट्यांच्या संचालकांचे बहुमत, त्याचे पॅनेल सामान्यतः एकगठ्ठा निवडून येते. म्हणून खरी निवडणूक मतदानाच्या दिवशी होत नसून पॅनेल बांधण्याच्या बैठकीत होऊन गेलेली असते. त्या बैठकीत सर्वसाधारण जागांसाठी गावोगावच्या वजनदार मंडळींची ओढाताण चालते. स्त्रियांच्या दोन जागांचा क्रम शेवटी लागतो, आणि त्या बहुधा अशा गावांना वा घराण्यांना दिल्या जातात ज्यांची सर्वसाधारण जागेवर सोय लावता आली नाही. जागा स्त्रीची, पण तिच्या रूपाने समाधान करावयाचे असते ते तिच्या पतीचे, दिराचे किंवा सासऱ्याचे. प्रचारपत्रकांत उमेदवार स्त्रीच्या छायाचित्राशेजारी पतीचे छायाचित्र छापण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात इतकी रूढ झाली आहे की तिचे कोणाला नवलही वाटेनासे झाले. कंपन्यांतील प्रवर्तकांची पत्नी आणि पॅनेलप्रमुखांची भावजय ह्यांच्यात तत्त्वतः अंतर नाही. एकीची निवड नामनिर्देशन समितीच्या कागदांतून होते आणि दुसरीची ओसरीवरच्या बैठकीत, इतकेच.

अठरांत दोन म्हणजे ११ टक्के, आणि एकवीसांत दोन म्हणजे साडेनऊ टक्के. रोझाबेथ मॉस कँटर ह्या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, समूहातील एखाद्या वर्गाचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आत असले म्हणजे त्या वर्गातील व्यक्तींकडे व्यक्ती म्हणून न पाहता नमुना म्हणून पाहिले जाते, असे प्रतिपादिले. त्या सर्वांच्या नजरेत भरतात, पण त्यांचे म्हणणे कानांवर पडत नाही. हे निरीक्षण अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या अभ्यासावर आधारलेले होते. ते वैजापूरला जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल. तरी दोन जागांचे हे प्रमाण त्या मर्यादेच्या पुष्कळ आत येते, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. शिवाय ह्या दोघी एकाच पॅनेलमधून आल्या तर दोन असून त्यांचे मत एकच, आणि भिन्न पॅनेलांतून आल्या तर एकमेकींना साहाय्य करण्याचीही सोय नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, व तो जुना आहे. ग्रामीण स्त्रीस हिशेब, विधी आणि बाजारभाव ह्यांचे ज्ञान नसते. अशा अवस्थेत तिला मंडळावर बसविणे म्हणजे तिच्या नावाने दुसऱ्यास कारभार करू देणे होय. ह्या आक्षेपाला महाराष्ट्रातच उत्तर मिळून गेले आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी महिला सहकारी बँकेचा प्रस्ताव प्रथम रिझर्व्ह बँकेकडे गेला तेव्हा प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर असल्याच्या कारणास्तव तो नाकारला गेला. त्या स्त्रिया लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ मध्ये बँक सुरू झाली. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर आरंभिलेल्या श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ह्या संस्थेची २१ जणींची व्यवस्थापन समिती सर्वस्वी स्त्रियांचीच आहे, आणि पापड लाटणारी सभासद भगिनीच तेथे मालकीण मानली जाते. ह्या दोन्ही संस्थांत एक समान गोष्ट आहे. सभासदत्व स्त्रियांचे होते, म्हणून मंडळ स्त्रियांचे झाले. अज्ञानाचा आक्षेप घेणारे हा क्रम उलटा करून मांडतात. अन्यथा वैजापूर तालुक्यालाच असे म्हणणे शोभत नाही. ह्याच तालुक्यातील शिऊर येथे सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी वास्तव्य केले आणि आत्मनिवेदनपर अभंगांत आपले जीवन स्वतःच्या शब्दांत सांगितले. स्त्रीच्या वाणीला मान देण्याची परंपरा ह्या भूमीत नव्याने निर्माण करावयाची आहे असे नाही. मान मिळतो, मतदारयादीत नाव मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. ग्रामपंचायत मतदारसंघात स्त्रिया निम्म्या असतील तर तेथे त्यांना राखीव जागेची आवश्यकता काय? त्या आपल्या बळावर निवडून येतील. राखीव जागा तर जेथे त्या दुर्बल आहेत तेथेच हवी. तर्काच्या दृष्टीने हे म्हणणे चुकीचे नाही. पण निम्मे मतदार स्त्रिया असूनही ग्रामपंचायत मतदारसंघातील सर्वसाधारण जागांवर पुरुषांचीच नावे प्रामुख्याने पुढे येत असतील, तर पॅनेल बांधणाऱ्यांच्या बैठकीत त्या निम्म्या मतांना किंमत नाही असाच त्याचा अर्थ होतो. केवळ राखीव जागा एका मतदारसंघातून उचलून दुसऱ्यात नेल्याने हा दोष नाहीसा होणार नाही हेही तितकेच खरे. प्रश्न उमेदवार निश्चित करण्याच्या अधिकाराचा आहे.

ह्या संदर्भात १९३२ च्या पुणे कराराची आठवण होणे स्वाभाविक आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा येथे झालेल्या त्या करारात स्वतंत्र मतदारसंघांचा त्याग करण्यात आला, परंतु त्याऐवजी एक द्विस्तरीय पद्धत स्वीकारण्यात आली. प्रथम दलित वर्गातील मतदारांनी स्वतंत्रपणे चार उमेदवारांची निवड करावयाची आणि त्यांतून सर्व मतदारांनी संयुक्तपणे एकास निवडावयाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ही पद्धत पूर्णतः समाधानकारक वाटली नव्हती. अंतिम मत संयुक्त मतदारांच्या हाती राहिल्याने वर्गाचा खरा प्रतिनिधी मागे पडतो ही त्यांची तक्रार पुढेही कायम राहिली, व ती साधार होती. तरीही संयुक्त मतदारसंघातील राखीव जागेवर उमेदवार कोणी ठरवावा हा प्रश्न त्या करारात निदान ओळखला गेला होता. सहकार व पणन विषयक विधीत तो ओळखलाही गेलेला नाही. बाजार समितीच्या स्त्रियांच्या दोन जागांसाठी प्रथम दोन्ही मतदारसंघांतील स्त्री मतदारांनी, म्हणजे सोसायट्यांच्या स्त्री संचालकांनी व ग्रामपंचायतींच्या स्त्री सदस्यांनी मिळून, उमेदवारांची नामावली निश्चित करावी आणि मग त्या नामावलीतून सर्वांनी मतदान करावे, अशी व्यवस्था विधीस अशक्य नाही. निवडणुकीचा व्याप थोडा वाढेल. पॅनेलप्रमुखांना ती रुचणार नाही हे उघडच आहे.

सर्व जमीनधारकांना थेट मताधिकार देण्याचा मार्गही एकदा चोखाळून झाला आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्राने किमान १० गुंठे जमीन धारण करणाऱ्या आणि बाजार समितीत माल विकणाऱ्या शेतकऱ्यांना मत देण्याची तरतूद केली. २०२० मध्ये ती मागे घेण्यात आली. त्या वादात सोसायट्यांच्या संचालकांचा मताधिकार राहावा की शेतकऱ्याला थेट मत मिळावे ह्यावर पुष्कळ बोलले गेले. १० गुंठे कोणाच्या नावे आहेत आणि पट्टी कोणाच्या नावे फाटली आहे ह्या दोन अटींतून जी शेतकरी स्त्री सरसकट गळते, तिचा उल्लेख त्या चर्चेत अभावानेच आला. दोन्ही पक्ष 'शेतकरी' हा शब्द वापरीत होते आणि दोघांच्याही मनात तो पुल्लिंगीच होता.

अध्यक्षपदाचा मुद्दा वेगळा आहे. ग्रामपंचायतीत सरपंचपदही आळीपाळीने राखीव ठेवले जाते. सोसायटीत वा बाजार समितीत सभापतिपदाचे आरक्षण नाही. चट्टोपाध्याय व दुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातील पंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखविले की, जेथे प्रमुखपद स्त्रीसाठी राखीव होते तेथे पिण्याच्या पाण्यासारख्या स्त्रियांच्या निकडीच्या बाबींवर अधिक खर्च झाला. त्यांचा निष्कर्ष प्रमुखपदाविषयीचा आहे, एखाद-दुसऱ्या सदस्यत्वाविषयीचा नव्हे, हे त्याचा दाखला देणारे पुष्कळदा विसरतात.

बाजार समितीच्या मंडळापुढे येणारे विषय पाहिले तर ह्या साऱ्याचा व्यवहाराशी असलेला संबंध स्पष्ट होतो. तोलाई व हमालीचे दर, अडत, मालाचे पैसे किती दिवसांत चुकते व्हावेत, आवारात निवारा, पाणी व स्वच्छतागृहे असावीत की गाळे बांधून भाड्याने द्यावेत, अशा गोष्टी तेथे ठरतात. कांद्याच्या पट्ट्यात व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर कांदा निवडण्याचे, प्रतवारी लावण्याचे आणि गोण्या भरण्याचे काम रोजाने स्त्रिया करतात. बाजाराच्या व्यवहारात त्यांचा हात हमालाइतकाच लागतो. परंतु हमाल-मापाडी मतदारसंघातील मतदार म्हणजे अनुज्ञप्तिधारक हमाल आणि मापाडी. निवडणारी बाई ह्या दोहोंतही बसत नाही. ती शेतकरी म्हणून मतदार नाही, कारण सातबारा तिचा नाही. कामगार म्हणून मतदार नाही, कारण तिच्या कामाला अनुज्ञप्तीतील नाव नाही. आणि तिच्यासाठी म्हणून जी जागा राखली आहे ती भरणाऱ्यांत तिचा समावेश नाही. चार मतदारसंघांची ही रचना विधिकर्त्यांनी बाजारातील प्रत्येक घटकास स्थान मिळावे ह्या उदार हेतूने केली होती, आणि त्या काळच्या मानाने ती पुरोगामीच होती. तीत हा एक घटक मोजावयाचा राहिला.

ह्या विषयावर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पुढे काम करावयाचे असल्यास आरंभ मतदारयादीपासून करता येईल. प्रत्येक बाजार समितीच्या निवडणुकीपूर्वी मतदारसंघवार यादी प्रसिद्ध केली जाते आणि तीवर हरकती मागविल्या जातात. वैजापूर तालुक्यातील सोसायट्यांच्या संचालकांची आणि ग्रामपंचायत सदस्यांची यादी समोरासमोर ठेवून स्त्रियांची नावे मोजली, त्यांतील किती नावांच्या मागे त्याच सोसायटीतील वा त्याच गावातील पुरुष संचालकाचे आडनाव लागते हे पाहिले, आणि मग ती नावे सातबाऱ्याच्या उताऱ्यांशी व फेरफार नोंदींतील हक्कसोडपत्रांशी ताडली, तर येथे केवळ तर्काने जे मांडले आहे ते कितपत टिकते ह्याचा निर्णय कागदावर करता येईल. आडनावाच्या जुळणीवरून नाते ठरविताना मात्र सावधगिरी बाळगावी लागेल. एकाच आडनावाची अर्धी गावे ह्या भागात थोडी नाहीत.